अमोनिया कारखान्याची क्षमता आणि उत्पादन यांचे आकडे कसे वाचावेत

खरिपाच्या तोंडावर नाशिकरोडच्या मालधक्क्यावर युरियाची रेक (मालगाडी) कधी लागणार, ही चौकशी जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक खतविक्रेत्याकडे होते. मात्र ती रेक ज्या कारखान्यातून भरून निघते तिथे त्या महिन्यात काय चालले आहे, हे पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. युरिया अमोनियापासून होतो, आणि नाशिक जिल्ह्यात अमोनियाचा मोठा कारखाना नाही. राज्यातले महत्त्वाचे कारखाने घाट उतरल्यावर लागतात : ट्रॉम्बे, अलिबागजवळचे थळ आणि तळोजा. त्यामुळे ‘कारखाना शंभर टक्के क्षमतेने चालला’ किंवा ‘उत्पादन घटले’ अशी बातमी आली की तिचा अर्थ लावायला आपल्या हाती काहीच नसते. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षात गेली. त्या अनुभवावरून, कागद, पेन्सिल आणि साधे गणकयंत्र एवढ्या सामग्रीवर हे आकडे कसे तपासावेत, ते येथे सांगत आहे. खतविक्रेते, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे वाचक डोळ्यांसमोर आहेत.

आधी आकडा कशाचा आहे ते ठरवा

क्षमतेचा आकडा समोर आला की तो अमोनियाचा आहे की युरियाचा, रोजचा आहे की वर्षाचा, आणि टन कोणता आहे, एवढे आधी पाहावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु अमेरिकी कंपन्यांचे अहवाल बहुधा शॉर्ट टनात असतात आणि तो टन ९०७ किलोचा असतो. कॅन्सस राज्यात कॉफीव्हिल येथे पेट्रोलियम कोकपासून अमोनिया करणारा कारखाना आहे. त्याची रोजची क्षमता १,३०० टन सांगितली जाते, ती आपल्या मेट्रिक टनात सुमारे १,१८० भरते. सुमारे १२० टनांचा हा फरक केवळ मापाचा आहे.

रोजच्या क्षमतेवरून वर्षाची क्षमता काढताना ३६५ ने गुणू नये. कारखाना वर्षभर अखंड चालणार नाही हे गृहीत धरून आराखडा करणारे साधारणतः ३३० ते ३५० दिवस धरतात. तळोजा येथे २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमोनिया प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे ५ लाख टन सांगितली जाते. रोजचे १,५०० टन धरून ३४० ने गुणले की ५ लाख १० हजार येतात आणि दोन्ही आकड्यांचा मेळ बसतो. कोणत्याही कारखान्याच्या बाबतीत वर्षाच्या क्षमतेला रोजच्या क्षमतेने प्रथम भागून पाहावे. उत्तर ३६५ च्या जवळ आले तर आकडा कागदावरचा समजावा; ३०० च्या खाली आले तर दोनपैकी एक आकडा जुना असण्याची शक्यता आहे, कारण अनेक कारखान्यांत नंतर सुधारणा होऊन रोजची क्षमता वाढते आणि वर्षाचा आकडा मात्र जुन्या परवान्यावरचाच छापला जातो.

याच कारणाने ‘क्षमतेचा ११० टक्के वापर’ हे वाक्य वाचून बिचकू नये आणि भारावूनही जाऊ नये. यंत्रे निवडताना थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते, पुढे एखादी अरुंद जागा मोकळी केली जाते आणि मूळ पाटीवरचा, म्हणजे आराखड्यात घोषित केलेला, आकडा मागे पडतो. अशा वेळी पाटी विसरून कारखान्याने आजवर सलग महिनाभर किती सरासरी गाठली, तो आकडा खरी क्षमता म्हणून धरावा. एखाद्या दिवसाच्या विक्रमाला अर्थ नसतो. तसा विक्रम आम्हीही केला होता आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्याची भरपाईही केली होती.

कारखाना कुठे अडतो, ते समजून घ्या

नैसर्गिक वायू प्रथम गंधकमुक्त करावा लागतो, कारण पुढचे उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ) गंधकाने मरतात. मग तो वाफेबरोबर प्राथमिक रिफॉर्मरच्या, म्हणजे वायू आणि वाफेपासून हायड्रोजन करणाऱ्या भट्टीच्या, नळ्यांतून जातो. निकेलच्या उत्प्रेरकाने भरलेल्या या उभ्या नळ्या भट्टीत तापवलेल्या असतात आणि बाहेर पडणारा वायू सुमारे ८०० अंश सेल्सिअसला असतो. दुय्यम रिफॉर्मरमध्ये हवा सोडली जाते. तिच्यातला ऑक्सिजन जळून तापमान वाढवतो आणि नायट्रोजन मिश्रणात शिल्लक राहतो. त्यानंतर कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर, कार्बन डायऑक्साइड धुऊन काढणे, उरल्यासुरल्या अंशाचे मिथेन करणे, आणि अखेर एक भाग नायट्रोजन व तीन भाग हायड्रोजन असे मिश्रण दीडशे ते दोनशे वातावरणांच्या दाबाखाली लोखंडाच्या उत्प्रेरकावर नेणे. फ्रिट्झ हाबरने हे १९०९ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवले आणि कार्ल बॉशच्या प्रयत्नांतून जर्मनीतील ओपाऊ येथे १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे : एका फेरीत मिश्रणाचा लहानसा हिस्साच अमोनियात बदलतो, तो थंड करून वेगळा काढायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. या फेऱ्यांत निष्क्रिय मिथेन आणि आरगॉन साचत जातात, म्हणून थोडा वायू सतत बाहेर काढावा लागतो. त्याला पर्ज म्हणतात.

क्षमतेच्या दृष्टीने यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १९६० च्या दशकापूर्वी बहुतेक ठिकाणी अनेक रेसिप्रोकेटिंग (दट्ट्याने वायू दाबणारे) कॉम्प्रेसर समांतर चालत आणि एक बंद पडला तर उत्पादन तेवढ्यापुरते घटे. त्या दशकात वाफेच्या टर्बाइनवर चालणारे प्रचंड सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरणाऱ्या चाकांनी वायू दाबणारे) कॉम्प्रेसर आले आणि एकाच साखळीचा कारखाना रूढ झाला. त्यात संश्लेषण वायूचा कॉम्प्रेसर एक, हवेचा एक, रिफॉर्मर एक. बहुधा कशालाही जोडीदार नाही. बागेतल्या प्रत्येक फाळक्याला स्वतंत्र पंप असणे आणि साऱ्या ठिबकला विहिरीवरची एकच मोटर असणे, असा हा फरक आहे. मोठी मोटर स्वस्तात पाणी देते, पण ती जळाली की सगळी बाग कोरडी. म्हणून आधुनिक कारखान्याच्या उत्पादनाचा आलेख उतरत नाही, तो तुटतो. अर्ध्या भाराने महिनाभर चालवून पाहू, हा पर्यायही फारसा हाती नसतो. भार साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की कॉम्प्रेसर सर्जमध्ये जाऊ नये, म्हणजे आतला वायू उलटा येऊन यंत्र हादरू नये, म्हणून वायू मागे फिरवावा लागतो आणि ऊर्जा वाया जाऊ लागते.

ऋतूचाही हिशेब ठेवावा. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४० अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. कॉम्प्रेसर आकारमान ओढतो, वजन नव्हे, त्यामुळे उन्हाळ्यात कारखान्याला मिळणारी हवा कमी पडते. शीतकरणाचे पाणी कोमट झाल्याने टर्बाइनच्या कंडेन्सरमधला निर्वात बिघडतो आणि अमोनिया द्रवरूप करण्यासाठी शीतक यंत्रणेवर अधिक ताण येतो. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तीच थंडी कॉम्प्रेसरला मात्र मानवते. म्हणून एप्रिल ते जूनचे उत्पादन जानेवारी ते मार्चशी ताडून ‘घसरण’ असा निष्कर्ष काढू नये. मागच्या वर्षीची तीच तिमाही समोर ठेवावी.

दिवस मोजा

उत्पादन म्हणजे चालू दिवस गुणिले सरासरी भार. या दोहोंतला पहिला आकडा अहवालात सहसा स्पष्ट दिलेला नसतो, तो शोधावा लागतो, आणि बहुतेक वेळा वर्षाचे भवितव्य त्यानेच ठरवलेले असते.

बंद दोन जातींचे असतात. नियोजित बंद, ज्याला कारखान्यात टर्नअराउंड किंवा नुसते शटडाउन म्हणतात, दोन ते चार वर्षांतून एकदा येतो आणि तीन ते पाच आठवडे चालतो. त्यात उत्प्रेरक बदलले जातात, बॉयलरची तपासणी होते, टर्बाइन उघडले जातात. दुसरी जात म्हणजे ट्रिप, अचानक झालेला अनियोजित बंद. एका पावसाळी रात्री आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या विजेचे व्होल्टेज डोळ्याचे पाते लवेपर्यंत बसले आणि पुन्हा उठले. वसाहतीतल्या घरांत दिवेसुद्धा विझले नाहीत. पण कारखाना सुरक्षायंत्रणेने थांबवला आणि टाकीत पुन्हा अमोनिया पडायला जवळपास दोन दिवस गेले. रिफॉर्मरच्या नळ्या आणि त्यांतला उत्प्रेरक हळूहळूच तापवावे लागतात, घाई केली तर नळी फुटते. पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याचा वायू शुद्ध झाल्याशिवाय घेता येत नाही, आणि तोवरचा वायू जाळून टाकावा लागतो. तेवढ्या वेळात वायूचे मीटर फिरते आणि अमोनियाचे फिरत नाही. कारखाना पूर्ण थंड झालेला असेल तर हाच काळ आणखी लांबतो.

आता एक काल्पनिक कारखाना घेऊ. रोजची क्षमता १,००० टन, वर्षाची ३ लाख ३० हजार टन. वर्षात २८ दिवसांचा नियोजित बंद झाला आणि ट्रिपांपायी ९ दिवस गेले. उरले ३२८ दिवस. त्या दिवसांत सरासरी भार ९७ टक्के होता, म्हणून उत्पादन ३२८ गुणिले ९७०, म्हणजे ३,१८,१६० टन झाले. या कारखान्याने किती टक्के क्षमता वापरली? वर्षाच्या घोषित क्षमतेशी भागले तर ९६.४ टक्के. रोजची क्षमता ३६५ ने गुणून भागले तर ८७.२ टक्के. नियोजित बंदाचे दिवस वगळून, म्हणजे ३३७ दिवसांवर भागले तर ९४.४ टक्के. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि कंपनी आपल्याला सोयीचे ते छापते. वाचकाने एकच रीत निवडावी आणि प्रत्येक वर्षाला, प्रत्येक कारखान्याला तीच लावावी. माझ्या मते रोजची क्षमता गुणिले ३६५ ही रीत सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तीत कोणताही बंद लपत नाही. मात्र व्यवस्थापन कसे चालते हे जोखायचे असेल तर नियोजित बंद वगळून काढलेला आकडा सोबत ठेवावा. तोच वर्षागणिक खाली येत असेल तर ट्रिपा वाढत आहेत किंवा भार उतरतो आहे, आणि दोन्हींची कारणे कारखान्याच्या आतली किंवा वायूपुरवठ्यातली असतात.

अमोनिया पुढे कुठे जातो

इथे सर्वाधिक गफलत होते. अमोनियाचे एकूण उत्पादन आणि विक्रीसाठी उरलेला अमोनिया हे दोन वेगळे आकडे आहेत, कारण बहुतेक अमोनिया त्याच आवारात दुसऱ्या रसायनात जातो. त्यामुळे अमोनियाचे टन आणि युरियाचे टन यांची बेरीज करून ‘एकूण उत्पादन’ सांगणे म्हणजे गहू आणि त्याच गव्हाचे पीठ एकत्र मोजणे होय.

हा हिशेब रेणुभारांवरून घरबसल्या करता येतो. एक टन युरियाला सिद्धांतानुसार ०.५६७ टन अमोनिया आणि ०.७३३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. प्रत्यक्षात थोडी गळती धरून अमोनिया ०.५७५ धरावा. एक टन नायट्रिक आम्लाला सिद्धांतानुसार ०.२७ टन अमोनिया लागतो, व्यवहारात ०.२८ ते ०.२९. अमोनियम नायट्रेटच्या एका टनात थेट ०.२१ टन अमोनिया आणि ०.७९ टन नायट्रिक आम्ल जाते. आपल्या द्राक्षबागांत ठिबकमधून सोडल्या जाणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटमधला नायट्रेटही याच आम्लाच्या वाटेने आलेला असतो.

वरच्या काल्पनिक कारखान्याला रोज १,७०० टनांचा युरिया विभाग जोडलेला आहे असे समजा. त्याला १,७०० गुणिले ०.५७५, म्हणजे सुमारे ९७८ टन अमोनिया लागेल. विकायला जवळजवळ काही उरणार नाही. युरिया विभाग १,५०० टनांचा असेल तर सुमारे ८६३ टन लागतील आणि रोज १३७ टन उरतील, ज्यांचे आम्ल करता येईल किंवा टँकरने विकता येतील. एकदा हे गुणोत्तर काढले की अहवालातल्या विक्रीच्या आकड्याची खातरजमा होते.

कार्बन डायऑक्साइडचाही असाच ताळा आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सगळ्या अमोनियाचा युरिया करायचा तर प्रत्येक टन अमोनियाला सुमारे १.२९ टन कार्बन डायऑक्साइड हवा. हलक्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात प्रक्रियेतून मिळणारा कार्बन डायऑक्साइड यापेक्षा किंचित कमी पडतो. म्हणजे अमोनिया आहे, युरिया विभाग मोकळा आहे, तरी युरिया अडतो. काही कारखान्यांनी यासाठी रिफॉर्मरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवली आहे.

दोन विभागांच्या मध्ये टाकी असते. अमोनिया उणे ३३ अंशांवर वातावरणाच्या दाबाला द्रव राहतो, म्हणून तो थंड करून मोठ्या टाकीत साठवतात. टाकी १०,००० टनांची असेल आणि युरिया विभाग बंद पडला, तर रिकाम्या टाकीत आमच्या उदाहरणातला अमोनिया दहा दिवस मावेल, अर्धी भरलेली असेल तर पाचच. उलट अमोनिया विभाग बंद पडला तर टाकीत अमोनिया असूनही युरिया थांबतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्याच विभागातून येतो. अमोनिया विभाग बंद झाल्याची बातमी आणि बाजारात युरिया कमी पडणे यांत काही दिवसांचे अंतर दिसले, तर ते तयार युरियाच्या साठ्यामुळे असते. अमोनिया हा विषारी वायू आपल्याकडच्या अनेक शीतगृहांतही शीतकरणासाठी खेळवलेला असतो. तिथे तो काही टन असतो, त्यावरून दहा हजार टनांच्या टाकीला एवढे का जपतात हे समजावे.

निरनिराळ्या कारखान्यांची तुलना करायची असेल तर सर्व उत्पादने नत्रात बदलून घ्यावीत : अमोनियात ८२ टक्के, युरियात ४६, अमोनियम नायट्रेटमध्ये ३५ पर्यंत, अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१. टनांच्या गर्दीत जे दिसत नाही ते नत्राच्या एका बेरजेत दिसते.

ऊर्जेचा आकडा सोबत ठेवा

उत्पादन वाढले पण कसे वाढले, हे प्रतिटन ऊर्जा सांगते. चांगल्या आधुनिक वायूआधारित कारखान्यात एक टन अमोनियाला साधारण ७ गिगाकॅलरी (एक गिगाकॅलरी म्हणजे दहा लाख किलोकॅलरी) ऊर्जा लागते, जुन्या कारखान्यांत ९ किंवा त्याहून अधिक. भारत सरकारच्या २०१५ च्या युरिया धोरणाने वायूवरच्या कारखान्यांना युरियाच्या प्रतिटनामागे ५.५ ते ६.५ गिगाकॅलरींची उद्दिष्टे गटवार ठरवून दिली, आणि त्याहून जास्त वायू जाळला तर तो खर्च कारखान्याच्या अंगावर येतो. ५.५ गिगाकॅलरीने धरले तरी ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे अडीच लाख किलोकॅलरी होतात. १४.२ किलोच्या घरगुती गॅस सिलिंडरमध्ये साधारण दीड लाख असतात. गोणी खांद्यावर घेताना हे कुणाच्या मनात येत नाही.

हा आकडा ट्रिपांची चुगलीही करतो. एखाद्या तिमाहीत टन फारसे घटले नाहीत, पण प्रतिटन ऊर्जा वाढली, तर कारखाना वारंवार थांबून सुरू झाला असावा किंवा दीर्घकाळ कमी भाराने चालला असावा, असा अंदाज बांधता येतो. ऊर्जा वर्षानुवर्षे संथपणे चढत असेल तर उत्प्रेरक जुना होत चालला आहे आणि पुढचा मोठा बंद जवळ आला आहे, असे समजावे.

मालधक्क्यापर्यंतचा हिशेब

विक्रेत्याने हे सारे शेवटी गोण्यांत बदलून घ्यावे. एका रेकमध्ये साधारण २,६०० टन खत येते, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ ५८ हजार गोण्या. रोज १,७०० टन युरिया करणाऱ्या कारखान्याची ती दीड दिवसाची कमाई आहे. दोन दिवसांची एक ट्रिप तयार युरियाच्या साठ्याने भरून निघाली नाही, तर एक रेक आणि वर थोडे गेले, आणि २८ दिवसांचा बंद म्हणजे अठरा रेक. अर्थात त्या अठरा रेक आपल्याच जिल्ह्याच्या होत्या असे नव्हे, कारण कोणत्या कारखान्याचा किती युरिया कोणत्या राज्यात जायचा याचे मासिक नियोजन केंद्र सरकारचे खत खाते करते आणि तूट आयातीने भरली जाते. थळ जवळ आहे म्हणून थळचाच युरिया नाशिकला येईल, हे गृहीत धरू नये. मोठ्या बंदासाठी उत्प्रेरक, सुटे भाग आणि बाहेरचे कुशल कामगार यांची तजवीज कित्येक महिने आधी करावी लागते, त्यामुळे नोंदणीकृत कंपन्यांच्या तिमाही निवेदनांत त्याचा उल्लेख पुष्कळदा आधीच सापडतो. तो सापडला की बंदाचे दिवस, रोजचे टन आणि २,६०० चा भागाकार एवढे वहीत मांडावे, आणि बंद मे-जूनमध्ये पडतो आहे की रब्बीची मागणी ओसरल्यावर, हे तारखेसमोर लिहून ठेवावे.